तिसऱ्या आठवड्यात मोडणारा उपवासकाळ

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला का हे तुम्हालाही तपासता येईल. तुम्ही मूळचे वसईचे, नोकरी पुण्यात, शिफ्ट बदलती. दरवर्षी उपवासकाळाच्या (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या) पहिल्या दिवशी, म्हणजे राखेच्या बुधवारी, चर्चमधून कपाळावर राख घेऊन येता आणि त्याच रात्री यादी करता: मांस-मासे बंद, गोड बंद, रात्रीचा मोबाइल बंद, चिडणं बंद, पहाटे उठून बायबल. दोन आठवडे जमतं. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसची एखादी पार्टी येते किंवा एखादी वाईट रात्रपाळी होते, एक गोष्ट मोडते आणि तिच्यामागून सगळंच सुटतं. मग झावळ्यांच्या रविवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारपर्यंत, नुसता अपराधीपणा. ‘माझी इच्छाशक्ती कमी पडते, ती कशी वाढवू?’ असं तुम्ही विचारलंय. शिवाय आईला मधुमेह असूनही ती कडक उपवास धरते, तिला काय सांगावं, हाही प्रश्न आहे.

इच्छाशक्तीचा मुद्दा मला पटत नाही. रात्रपाळी संपवून, न झोपता रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) गाठणाऱ्या माणसाला ती कमी आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या भागात प्रापंचिकांसाठी तपसाधना (प्रार्थनाशिबिरं) घ्यायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या काळात माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची तक्रार तुमच्यासारखीच असते, आणि त्यांच्या याद्यांमध्ये मला एकच उणीव दिसते. यादीत सगळं सोडायचं असतं. सोडलेलं कुठे जाणार, कोणाला मिळणार, हे ठरवलेलंच नसतं. अशा त्यागाला धरून ठेवणारं काही नसतं, फक्त आपला निर्धार असतो, आणि थकलेल्या माणसाचा निर्धार तिसऱ्या आठवड्यापलीकडे जात नाही.

राखेच्या बुधवारी वाचला जाणारा, बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा ६वा अध्याय पुन्हा उघडा. येशू तिथे तीन गोष्टी सांगतो आणि त्यांचा क्रम असा आहे: आधी दानधर्म, मग प्रार्थना, मग उपवास. तुमच्या यादीत उपवास भरपूर आहे, पहाटेच्या बायबलच्या रूपात थोडी प्रार्थना आहे, दानाचा मात्र पत्ता नाही. पाचव्या शतकात रावेन्नाचे बिशप असलेले संत पीटर क्रिसोलॉगस यांनी एका प्रवचनात सांगितलं होतं की या तिन्ही गोष्टी एकमेकींना जीवन देतात आणि त्यांतली एकच धरणाऱ्याच्या हाती काहीच राहत नाही. हे मी सुंदर विचार म्हणून सांगत नाही. लोकांचं टिकतं कधी आणि मोडतं कधी, हे पाहून सांगते आहे.

आता कोणत्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत ते. राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या मध्ये कधीही येतो, म्हणजे आपल्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षा आणि मार्चअखेरची हिशेबाची धावपळ नेमकी याच काळात असते. मुलगी बारावीला असलेल्या आईला मी पहाटे चारला उठायला सांगत नाही. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, कोणी आजारी असेल, तर त्या माणसाच्या वाट्याला उपवासकाळ आपण होऊन आलेला असतो. त्याने वेगळं काही सोडण्यापेक्षा आहे तेच देवापुढे ठेवावं. ज्यांना खाण्याविषयीचा मानसिक आजार आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी अन्नाला हात लावू नये, दुसरं काही निवडावं. आणि दारूविषयी तर स्पष्टच सांगते. रोज पिणारा माणूस ‘चाळीस दिवस बंद’ म्हणून एकदम थांबतो तेव्हा शरीर धोक्यात येऊ शकतं, त्यासाठी डॉक्टर हवा. आणि ईस्टरच्या दुपारी पुन्हा ग्लास भरायचा असेल तर त्या घरातल्या बायकापोरांना या चाळीस दिवसांतून काहीच मिळालेलं नसतं. व्यसनाला उपचार लागतात, व्यसनमुक्तीचा गट लागतो, आणि ते काम बारा महिन्यांचं आहे.

तुमच्या बाबतीत शिफ्ट हीच मुख्य अडचण. म्हणून नियम काय मागतो ते आधी पाहू, कारण तुम्ही स्वतःवर नियमापेक्षा कितीतरी जास्त लादलंय. १९८३च्या कॅथोलिक धर्मसंहितेप्रमाणे उपवास दोनच दिवस बंधनकारक आहे, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे). त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि गरज पडली तर दोन वेळा थोडंसं, दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होणार नाही असं. मांस वर्ज्य करायचं ते या दोन दिवशी आणि शुक्रवारी. मांसवर्ज्याचा नियम वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून लागू होतो, उपवासाचा १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि मध्यरात्री संपतो, त्यामुळे रात्रपाळीत बाराच्या आधी जेवलात तर ते आदल्या दिवशीचं. रविवार उपवासाचा नसतो. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, ४६ दिवस होतात, त्यांतले सहा रविवार वगळले की चाळीस उरतात. म्हणजे दर आठवड्याला एक दिवस ख्रिस्तसभेनेच (चर्चनेच) मोकळा ठेवलेला आहे. तुम्ही रविवारीही यादी चालू ठेवता असं लिहिलंय. ती थांबवा. पुनरुत्थानाचा दिवस आहे तो, त्या दिवशी जेवा, घरच्यांशी बोला, झोप पूर्ण करा.

तुमचे खोलीतले मित्र विचारतात, ‘तुमच्या उपवासाला काय चालतं?’ श्रावण आणि चतुर्थी पाळणाऱ्यांना हा प्रश्न साहजिक वाटतो. आपल्याकडे साबुदाणा चालतो आणि पोळी चालत नाही असं नसतं. पोळीभाजी चालते, फक्त कमी आणि एकदा. मासेही नियमाने चालतात. पण वसईत आपल्याला माहीत आहे की शुक्रवारी कोंबडी नको म्हणून पापलेट आणलं तर खर्च वाढतो आणि जेवण अधिक चविष्ट होतं. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्यालाही लागू आहे. शुक्रवारच्या ताटात भात आणि डाळ किंवा सुक्या बोंबलाचं कालवण असावं, आणि पापलेटाचे पैसे बाजूला निघावेत, असं मला वाटतं.

इथेच माझा मूळ मुद्दा येतो, म्हणून जरा थांबते. राखेच्या बुधवारनंतर दोनच दिवसांनी, पहिल्या शुक्रवारी, मिस्सेत बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५८वा अध्याय वाचतात. लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास धरले, तू पाहिलं का नाहीस? उत्तर मिळतं: उपासाच्या दिवशीच तुम्ही आपल्या मजुरांना पिळता. मला हवा असलेला उपास म्हणजे भुकेल्याबरोबर भाकरी वाटून घेणं, बेघराला घरात घेणं. हे वाचल्यावर ‘मी काय सोडू’ या प्रश्नाच्या आधी ‘माझ्याजवळ कोण भुकेलं आहे’ हा प्रश्न येतो. मी लोकांना उलट्या क्रमाने ठरवायला सांगते. आधी माणूस ठरवा, मग त्याला काय हवंय ते पाहा, आणि ते देता यावं म्हणून स्वतःचं काय कमी करावं लागेल ते शेवटी.

तुमच्यासाठी हे कसं दिसेल? तुम्ही लिहिलंय की आठवड्यातून दोनदा बाहेरून जेवण मागवता. उपवासकाळात सात शुक्रवार येतात, शुभ शुक्रवार धरून. त्या सात दिवशी मेसचं साधं जेवण जेवा आणि बाहेरच्या जेवणाचे पैसे एका पाकिटात टाका. पाकिटावर आधीच नाव लिहा. तुमच्या इमारतीच्या वॉचमनच्या मुलाची फी असेल, किंवा तुमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) विन्सेंट डी पॉल सोसायटीमार्फत जाणारं एखाद्या घराचं रेशन असेल. ही सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केली. तिचे सभासद गरिबाच्या घरी स्वतः जातात, म्हणून मला ती जवळची वाटते. शक्य झालं तर तुम्हीही एकदा त्यांच्याबरोबर जा. मग चौथ्या शुक्रवारी ऑफिसमधल्यांनी बिर्याणी मागवली तर तुमच्यासमोर ‘माझा निर्धार’ नसतो, त्या घरातली माणसं असतात. फरक किती पडतो ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मोबाइलचंही असंच. ‘रात्री मोबाइल बंद’ म्हटलं की एक रिकामा अर्धा तास उरतो आणि थकलेलं मन तो पुन्हा मोबाइलनेच भरतं. त्या वेळेला आधीच मालक द्या. आई वसईत एकटी आहे, तिला फोन करा आणि दोघं मिळून रोझरीचं (जपमाळेचं) एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा भाग, म्हणा. चिडण्याबद्दल मात्र एक सुचवते. चिडणं अन्नासारखं सोडता येत नाही. ज्या एका सहकाऱ्यावर तुम्ही जास्त चिडता त्याला निवडा, रोज मिस्सेत किंवा अंथरुणावर पडण्याआधी त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा आणि आठवड्यातून एकदा त्याचं एखादं काम आपणहून करा. पाच गोष्टींच्या जागी एवढ्याच तीन ठेवा: शुक्रवारचं पाकीट, रात्रीचा फोन, हा सहकारी. पहाटेचं वाचन मी काढून टाकलं, कारण बदलत्या शिफ्टमध्ये ‘पहाट’ ही वेळच तुमच्याकडे नाही. वाचायचंच असेल तर मार्कचं शुभवर्तमान घ्या. १६ अध्यायांचं, सगळ्यांत छोटं. बसमध्ये वाचून होतं.

दुसरी गोष्ट, जी एकट्याने ठरवणारे विसरतात: हे कोणालातरी सांगा. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिचा ४९वा अध्याय उपवासकाळावर आहे. अन्न, पेय, झोप, बोलणं, थट्टामस्करी यांतलं काही प्रत्येकाने आनंदाने कमी करावं, असं ते सांगतात, आणि पुढे म्हणतात की जे करणार ते मठाधिपतींना सांगून, त्यांच्या आशीर्वादाने करावं. न सांगता केलेलं ते अहंकारात धरतात. मला हे फार खोल वाटतं. एकट्याने केलेली यादी मोठी होते, कारण ती आपल्या स्वतःविषयीच्या कल्पनेतून येते. दुसऱ्याला सांगताना ती आपोआप खरी होते. तुम्ही सांगाल तेव्हा तुमचे फादर कदाचित म्हणतील, ‘तुझी झोपच चार तास होते, तू झोप वाढव.’ तोही उपवासकाळाचा नियम होऊ शकतो, आणि तो तुम्हाला मांसाहून अवघड जाईल. फादर नाही तर एखादी सिस्टर, गावातली मोठी बहीण, कोणी प्रार्थना करणारा मित्र चालेल. मात्र एकच माणूस. स्टेटसवर टाकू नका. मत्तयच्या त्याच अध्यायात उपास धरताना डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका असं सांगितलं आहे.

आता तो तिसरा आठवडा. तुम्हाला वाटतं की तो तुमचाच दोष आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे इव्हाग्रियस यांनी साधकाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. त्यांतल्या एकाला ते दुपारचं भूत म्हणतात. दुपार सरत नाही, सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, साधक सारखा खिडकीबाहेर पाहतो, आपले सोबती प्रेमळ राहिले नाहीत, दुसरीकडे गेलो असतो तर बरं झालं असतं, हे सगळं कशासाठी, असे विचार येतात. सुरुवातीचा उत्साह संपलेला आणि शेवट दिसत नाही, अशा मधल्या पट्ट्यात ते येतं. पुण्यातल्या खोलीत रात्रपाळीनंतर सकाळी नऊला पडदे ओढून पडलेल्या माणसाला हे वर्णन समजायला जड नाही. इव्हाग्रियस यांचा उपायही साधा आहे: खोली सोडू नका. नवीन संकल्प करू नका, नियम बदलू नका, जे छोटंसं ठरलंय ते त्या दिवशी कोरडेपणाने का होईना पार पाडा. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनीही हेच सांगितलं: मन उजाड झालेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये. म्हणून तुम्हाला सांगते, तिसऱ्या आठवड्यात ‘हे बंद करावं का’ हा प्रश्न सोडवायला बसूच नका. तो ज्याला सांगितलंय त्या माणसाकडे न्या, आणि तोही रविवारी. ख्रिस्तसभेलाही हा शीण माहीत आहे, म्हणूनच चौथ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रं घालता येतात आणि मिस्सेची सुरुवातच ‘आनंद करा’ या शब्दांनी होते.

आणि मोडलंच तर? इथेच तुमचं सगळं गाडं अडतंय. एक मोडलं की सगळं मोडलं असं तुम्ही धरता. इग्नेशियस यांनी आत्मपरीक्षणाची एक पद्धत दिली आहे, ती मी सगळ्यांना शिकवते. एक दोष निवडायचा. दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, मागे वळून पाहायचं आणि जितक्या वेळा पडलो तितके ठिपके वहीतल्या त्या दिवसाच्या रेघेवर मांडायचे. आज कालच्याशी ताडून पाहायचा, हा आठवडा मागच्याशी. म्हणजे पडणं या पद्धतीत आधीच धरलेलं आहे. ठिपके नसलेली रेघ मागितलेली नाही, खरी रेघ मागितली आहे. शिवाय ते सांगतात की पडलात त्याच क्षणी छातीवर हात ठेवून पश्चात्ताप करा. लोकांमध्ये असलात तरी कोणाच्या लक्षात येत नाही. मीटिंगमध्ये आवाज चढला, हात छातीवर गेला, झालं. रात्रीपर्यंत, रविवारपर्यंत, पुढच्या वर्षीपर्यंत थांबायचं नाही. अपराधीपणाला वाढायला वेळ लागतो, तो वेळच त्याला मिळत नाही.

पार्टीविषयी थोडंसं. वाळवंटातल्या वडीलधाऱ्यांना भेटायला गेलेले जॉन कॅसियन लिहितात की पाहुणा आला की तिथले तपस्वी उपास सोडून त्याच्याबरोबर जेवत. एकाला कारण विचारलं तर तो म्हणाला की उपास नेहमीच माझ्याजवळ आहे, तुम्ही मात्र निघून जाणार. तुमच्या मित्राच्या आईने पहिल्यांदा घरी बोलावून प्रेमाने वाढलं तर जेवा आणि आभार माना. ऑफिसची दर पंधरवड्याची पार्टी मात्र पाहुणचार नाही, तिथे ‘आज शुक्रवार आहे, मी हे खात नाही’ एवढं हसून सांगता येतं.

पापनिवेदन (फादरांपुढे पापं कबूल करणं) पवित्र सप्ताहासाठी, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्यासाठी, ठेवू नका. तेव्हा आपल्या सगळ्याच धर्मग्रामांत रांगा असतात, फादर थकलेले असतात आणि तुम्हाला दोन मिनिटं मिळतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, मधल्या एखाद्या वारी जा, वेळ मागून घ्या. त्या शिणाच्या दिवसांत हा संस्कार फार आधार देतो.

हे सगळं कशाकडे जातंय ते डोळ्यांसमोर असू द्या. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या, पुनरुत्थानाच्या जागरण विधीत हातात पेटलेली मेणबत्ती घेऊन आपण बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा म्हणतो: सैतानाचा, त्याच्या सर्व कर्मांचा धिक्कार करता का? देवावर विश्वास ठेवता का? उपवासकाळ या उत्तरांची तयारी आहे. त्या रात्री वजन किती घटलं किंवा किती दिवस साखळी तुटली नाही हे कोणी विचारत नाही. ईस्टरनंतर तुमच्या तीन गोष्टींपैकी एकच पुढे चालू ठेवा. माझ्या मते रात्रीचा फोन ठेवा. पेन्टेकॉस्टपर्यंतचे (पवित्र आत्म्याच्या सणापर्यंतचे) पन्नास दिवस आनंदाचे आहेत, त्यांत नव्या याद्या नकोत.

उरला आईचा प्रश्न. तुम्ही तिचं वय त्रेसष्ट लिहिलंय, म्हणजे उपवासाच्या नियमातून ती वयानेच मोकळी आहे, आणि आजारपणामुळेही. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन जेवण चुकवलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम सुटणं, हात थरथरणं, गोंधळल्यासारखं होणं अशी लक्षणं दिसली तर लगेच साखर किंवा गोड काही द्यायला हवं, हे तिच्या शेजारणीलाही सांगून ठेवा. पण नुसतं ‘तू उपास करू नकोस’ म्हणालात तर ती ऐकणार नाही, आणि तिचंही बरोबर आहे. आयुष्यभर देवाला जे दिलं ते तुम्ही तिच्या हातातून काढून घेताय असं तिला वाटेल. तेव्हा पुढच्या सुट्टीत दोन कामं करा. तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्यासमोरच विचारा की शुक्रवारी मांस-मासे सोडून, वेळेवर आणि पुरेसं जेवून चालेल का. बहुतेक चालेल. मग तिच्या धर्मग्रामाच्या फादरांना आधी भेटून सांगा की तिला त्यांनी स्वतः एखादं व्रत द्यावं, शुक्रवारच्या क्रुसाच्या वाटेची प्रार्थना, किंवा गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या कोणाकडे डबा पोहोचवणं. तुमच्या आईसारख्या बायका फादरांनी दिलेलं व्रत मोडत नाहीत, आणि डबा द्यायचा तर त्या आधी स्वतः वेळेवर स्वयंपाक करतात.